ऑक्टोबरात मुलं जेवत नाहीत तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. ऑक्टोबर लागला की दोघांचं जेवण कमी होतं, मुलगा तर ताट बघूनच तोंड फिरवतो. संध्याकाळी सहाला तुम्ही कामावरून येता. मोठ्यांसाठी भाजी-पोळी, मुलीसाठी पास्ता नाहीतर पराठा, मुलासाठी मऊ खिचडी असे तीन स्वयंपाक होतात, आणि तरी मोबाइल लावल्याशिवाय घास खाली उतरत नाही. सासूबाई म्हणतात, पोरगा वाळत चाललाय. थंडी सुरू व्हायच्या आत मुलांच्या अंगाला लागेल असं काय करू?

मी 26 वर्षं नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून लहान मुलांचंच काम करते. दसरा ते दिवाळी या दिवसांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकते की उत्तराची सुरुवात मला पाठ आहे: अंगाला लागणारा पदार्थ नंतर शोधू, आधी मुलांसाठी वेगळा स्वयंपाक बंद करा. पण तुमच्या बाबतीत त्याच्याही आधी एक गोष्ट आहे, मुलाचं दूध.

दिवसभराचं खाणं तुम्ही वेळेसकट लिहून पाठवलंत, हे फार बरं केलंत. उत्तर त्यातच आहे. सकाळी उठल्यावर बाटली, दुपारी झोपताना बाटली, साडेचारला उठल्यावर बाटली, आणि रात्री जेवला नाही म्हणून पुन्हा बाटली. 200 मिलीच्या चार, म्हणजे 800 मिली. गाईच्या 100 मिली दुधात साधारण 65 कॅलरी धरल्या तरी 520 झाल्या, साखर वेगळी. दीड वर्षाच्या मुलाची दिवसाची गरज हजाराच्या आसपास असते. अर्धं पोट दुधानेच भरलं. त्यावर अकराला आणि सहाला मिळून चार-पाच बिस्किटं, ती आणखी शंभर-सव्वाशे. मग आठ वाजता वाटी पुढे आली की त्याने तोंड फिरवलं, यात त्याचं काय चुकलं?

दुधाचं दुसरं दुखणं लोहाचं आहे. दुधात लोह जवळजवळ नसतंच. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. दर तीन मुलांमागे दोन. ही फक्त गरिबाघरची मुलं नाहीत. फ्रीजमध्ये दोन लिटर दूध असलेल्या घरातली गोरीगोमटी, गुबगुबीत मुलंही त्यात असतात, आणि रक्त कमी असलं की भूक आणखी मरते. म्हणून दोन्ही मुलांचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे या वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं औषध मिळतं. ते घेता का, तुम्ही लिहिलेलं नाही. घेत नसाल तर डॉक्टरांशी बोलून सुरू करा.

दूध 400 मिलीवर आणा. पहिली बंद करायची ती साडेचारची बाटली. तिच्या जागी केळं, कुस्करलेलं उकडलेलं रताळं, नाहीतर या दिवसांत बाजारात मिळणारं सीताफळ. सीताफळाची बी न् बी तुमच्या हाताने काढून गर वाटीत द्या, फळ अख्खं हातात देऊ नका. त्यानंतर दुपारची बाटली कपावर आणा. रात्रीची सर्वांत शेवटी. तीच सोडवायला सर्वांत अवघड जाते, सुरुवातीलाच तिच्या मागे लागलात तर सगळं घर रडकुंडीला येईल. साडेपाचनंतर जेवणापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. सहाचं बिस्कीट तर नाहीच. घरी पाऊल टाकल्या टाकल्या रडणाऱ्या मुलाच्या हातात काहीतरी द्यावंसं वाटतं, ते मला कळतं. त्या वेळी त्याला तुम्ही हव्या असता. दहा मिनिटं हातपाय न धुता नुसतं त्याला घेऊन बसा, गॅसकडे नंतर वळा.

आता वाळण्याबद्दल. तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात वजन फक्त दोन-अडीच किलो वाढतं आणि त्यानंतर दरवर्षी दोनेक किलो. वाढीचा वेग उतरतो तशी भूकही उतरते. त्यात हे मूल आता दिवसभर पळतं, उंची घेतं, गालाची गोलाई जाते. आजीच्या डोळ्यांपुढे आठ महिन्यांचं बाळ असतं, म्हणून तिला ते वाळलेलं दिसतं. तुमच्या मुलाचं वजन तुम्ही 10 किलो 600 ग्रॅम लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांचं मधलं वजन 10.9 किलो आहे. तो मस्त चाललाय. हा तक्ता सासूबाईंना शेजारी बसवून दाखवा, बोट ठेवून दाखवा. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांना फक्त आकडा कुणी दाखवलेला नसतो.

डॉक्टरांकडे धाव कधी घ्यायची तेही सांगते: दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही किंवा उतरलं, मूल फिकट दिसतं, माती-भिंतीचा चुना खातं, जुलाब थांबत नाहीत, किंवा गिळताना ठसका लागतो. यातलं एकही असेल तर माझं पुढचं वाचत बसू नका.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबरात भूक कमी होणं हे मोठ्यांचंही होतं. पाऊस सरला, आभाळ मोकळं झालं, दुपारी अंग भाजतं आणि पहाटे पांघरूण लागतं. वैद्यांमध्ये जुनं वचन आहे, ‘वैद्यानां शारदी माता’, शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, कारण या दिवसांत त्यांच्या दारी रोगी फार. डेंग्यूचे तापही याच सुमाराला जास्त. तेव्हा ऑक्टोबरच्या उन्हात मुलांना बाजरी, डिंक, मेथी, तीळ घालायची घाई नको. ती सगळी थंडी पडल्यावरची मंडळी. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, म्हणून कॅलेंडर बघू नका. आपल्याकडे सकाळी शाळेत जाताना मुलीला स्वेटर घालावासा वाटला की बाजरीचं पीठ दळायला हरकत नाही. तोवर दुपारी ताकभात, मुगाचं वरण, दुधी, दोडका, डांगर म्हणजे लाल भोपळा. आणि संध्याकाळी एकच गरम भांडं.

माझ्या म्हणण्याचा गाभा या भांड्यातच आहे. माझ्या मुलाच्या वेळी मी स्वतः त्याला चार वर्षांचा होईपर्यंत वेगळं शिजवून घातलं. गाजर-बीट घातलेली खिचडी, मिक्सरमधून काढलेली. नीट मोजूनमापून केलेली ती खिचडी तो खायचा, पण आमच्या ताटातली आमटी त्याला अनोळखी राहिली. शाळेत डबा सुरू झाला तेव्हा त्याला चावून खायची सवय नव्हती. ती लावायला दीड वर्ष गेलं. आजही त्याची मला हळहळ वाटते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते, मूल वर्षाचं झालं की ते घरचं माणूस आहे. घरात जे शिजतं ते त्याला द्या, फक्त तिखट पडायच्या आधी त्याचा वाटा काढा.

यासाठी वरणफळांइतका सोयीचा पदार्थ मला दुसरा माहीत नाही. कुठे याला चकोल्या म्हणतात. तुमच्याकडे चौघे मोठे आणि दोन मुलं, त्या मापाने सांगते. सकाळी निघताना दीड वाटी तूरडाळ धुऊन भिजत टाका. संध्याकाळी हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरला चार शिट्ट्या. त्याच कुकरात वरच्या डब्यात डांगराच्या चार फोडी ठेवा. कुकर होतोय तोवर तीन वाट्या कणीक, चिमूटभर ओवा, हळद, मीठ, दोन चमचे तेल घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. डाळ घोटली की डांगर त्यातच कुस्करा. रंगात रंग मिसळतो, मुलांना कळतही नाही, आणि वरणाला एक गोडसर दाटपणा येतो. मोठ्या पातेल्यात तुपाची मोहरी-जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, डाळ आणि सहा-सात वाट्या गरम पाणी. मीठ नेहमीपेक्षा निम्मं, उरलेलं मोठ्यांनी वरून घ्यावं.

आता मुलीला बोलवा. जाडसर पोळी लाटून तिच्या पुढे ताटलीवर ठेवा आणि हातात एक छोटी वाटी द्या. तुम्ही सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे कापा, तिने वाटीच्या काठाने चंद्र काढावेत. मागच्या वर्षी एका घरी मी हे बघत होते. पाचेक वर्षांची ती मुलगी प्रत्येक चंद्राला नाव देत होती. हा बाबांचा, हा आजीचा, हा माझा, आणि एक फाटलेला होता तो बाळाचा. पंधरा मिनिटांनी ती आपला चंद्र वाटीत शोधत होती, आणि शोधता शोधता वाटी संपली. भाजीचं नाव काढलं की पळणारी मुलगी ती. डांगर पोटात गेलं हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगूही नये.

वरण खळखळ उकळलं की तुकडे एकेक करून सोडा. सगळे एकदम टाकलेत तर त्यांचा गोळा होतो. मुलाचे तुकडे नखाएवढे करा. झाकण न ठेवता दहा-बारा मिनिटं शिजवा. एक तुकडा बोटांत दाबून बघा, कच्चं पीठ न लागता तो सहज चेपला की झालं. उभं राहिलं की वरणफळं आळतात, म्हणून उतरवताना थोडी पातळच असू द्यात. मुलांच्या वाट्या आधी भरा, वर तूप आणि लिंबू पिळा. लिंबाने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. मग कढल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण आणि लाल तिखट घाला आणि ती फोडणी मोठ्यांनी आपापल्या ताटात वरून घ्यायची. विदर्भात, मराठवाड्यात वरणफळं खातातच अशी. तिखट फोडणी वरून घ्यायची रीत असल्याने एका पातेल्यात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचं भागतं. कढलं मात्र जमिनीवर ठेवू नका, आणि दीड वर्षाचा मुलगा पायात असताना हातात घेऊन फिरू नका.

आठवड्यात असे तीन-चार दिवस लावले की झालं. एक दिवस गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. कोजागरीच्या सुमारास मावळात, इगतपुरीकडे भात कापणीला येतो, आणि पुढे नवा तांदूळ बाजारात दिसतो. तो चिकट होतो म्हणून मोठ्यांना नकोसा वाटतो, पण मुलांच्या मऊ भातासाठी त्याच्यासारखा नाही. पाणी जुन्या तांदळापेक्षा कमी घाला. एक दिवस मूगडाळीची खिचडी आणि कढी. थंडी पडली की बाजरीचा खिचडा: वाटीभर बाजरीला पाण्याचा हात लावून पंधरा मिनिटं ठेवा, मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीनदा फिरवा, कोंडा पाखडा, अर्धी वाटी मूगडाळ घाला आणि कुकरला सात-आठ शिट्ट्या द्या. दूध-गूळ घालूनही छान, ताक घालूनही छान. लसणाच्या वासाची कुळथाची शेंगोळी मुलीला पीठ वळायला देऊन बघा, हातावर पिठाचे साप करायला मुलांना फार आवडतं.

मुलगी आठवड्यातून एकदा पास्ता मागते तर एकदा सगळ्यांसाठी पास्ता करा. भरपूर टोमॅटो, गाजर आणि मुठभर पालक घालून. तिच्या एकटीसाठी नको.

तुमच्या सासूबाईंना या कामात घ्या. लहानपणी दिवाळीआधी त्यांच्याकडे रात्री काय शिजायचं, हे त्यांना विचारा आणि तो पदार्थ त्यांनाच करायला सांगा. एका आजींनी आठवून आठवून आपल्या आईची ताकातली नागलीची आंबील केली होती. त्यानंतर ‘ही पोरांना काही घालत नाही’ हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही, कारण घालणाऱ्या त्या स्वतःच होत्या.

भरवण्याबद्दल मी कडक आहे. काय शिजवायचं, किती वाजता आणि कुठे बसून खायचं हे तुम्ही ठरवा. किती खायचं हे त्याने ठरवू दे, अगदी दोन घास खाऊन तो उठला तरी. साडेसातला सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत. मुलापुढे दोन चमचेच वाढा, संपलं तर तो मागेल. भरलेली वाटी बघून मूल दबतं. हाताने खाऊ द्या, सांडू द्या, खाली जुनी चादर अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, न चिडता. जेवला नाही म्हणून नऊ वाजता बिस्कीट किंवा जास्तीचं दूध दिलंत, तर तो उद्याही नऊचीच वाट बघेल. मोबाइल आधी फक्त रात्रीच्या जेवणातून काढा, बाकीची जेवणं नंतर. चार-पाच दिवस फार कठीण जातात. रडेल, घास थुंकेल, तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. एखादा नवा पदार्थ पानात आठ-दहा, कधी पंधरा वेळा आल्यावर मूल त्याला हात लावतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच ‘त्याला आवडत नाही’ असं ठरवू नका.

दिवाळीत फराळाचे डबे मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नका. कुणी आलं की एक शंकरपाळं, जाताना एक लाडू, असं करत त्या चार दिवसांत मूल जेवतच नाही. फराळ चारच्या खाण्याला, तोही वाटीत काढून. आणि चिवड्यातले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं, तसेच भाजलेले हरभरे, लाह्या हे मुलाला नाहीच, मुलीलाही पाच वर्षांची होईपर्यंत अख्खं नाही. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलेलं मूल मी बघितलंय. ते वाचलं, पण ती रात्र मी विसरलेली नाही. दाणे कूट करून द्या. कोजागरीच्या दुधातही सुक्यामेव्याची पूडच घाला, काप नकोत. डिंकाचे लाडू थंडीत जरूर करा. डिंक तुपात पूर्ण फुलवून बारीक करा आणि लाडू लिंबाएवढा वळा. मोठ्यांचा लाडू मुलाच्या हातात दिला की तेवढ्यानेच त्याचं पोट भरतं.

मध्येच ताप आला तर त्या दिवसांत खाण्याचा आग्रह नको. पातळ भात, पेज, वरणाचं पाणी, ताक, आणि लघवी नीट होतेय ना इकडे लक्ष. तापातून उठल्यावर मात्र दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. आजारात गमावलेलं वजन मुलं तेव्हा भरून काढतात, आणि नेमकं तेव्हाच घरचे ‘आता बरा झाला’ म्हणून निवांत होतात.

बाजरीचं पीठ आठ-दहा दिवस पुरेल इतकंच दळून आणा. त्यातल्या तेलामुळे ते लवकर कडवट होतं, आणि मुलांची जीभ तो कडवटपणा आपल्याआधी पकडते. मुलाने आवडीची भाकरी अचानक नाकारली तर आधी पीठ चाखून बघा.

पहिला आठवडा मुलगा रात्री उठून दूध मागेल. पाणी द्या, कुशीत घ्या, थोपटा. दहा दिवस झाले की पुन्हा तीन दिवसांचं खाणं वेळेसकट लिहा, बिस्किटाचा अर्धा तुकडासुद्धा, आणि महिना भरल्यावर त्याच काट्यावर, त्याच वेळी, कपडे काढून वजन करा. हिमोग्लोबिनचा आकडा आला की तोही त्याच कागदावर लिहून मला पाठवा.